झाकणाखालचा उन्हाळा

मे महिन्यात संध्याकाळी फिश टँकचं लाकडी झाकण उचलून पाहा. इडलीपात्र उघडल्यासारखी दमट वाफ तोंडावर येते. प्लायच्या कडा फुगलेल्या असतात, पट्टीच्या होल्डरला हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलेलं असतं आणि एखाद्या कोपऱ्यात वायरच्या सांध्यावरची काळी टेप अर्धी सुटून लोंबत असते. तिचा डिंक उन्हाळ्यात ओघळून गेलेला. खाली सहा इंचांवर पाणी, वर २३० व्होल्ट. बाहेरून मात्र सगळं शोकेससारखं देखणं.

माझा पहिला चार फुटी टँक असाच होता. झाकण सुताराकडून करून घेतलं आणि त्याने ते किचन ट्रॉलीच्या निगुतीने केलं. फट म्हणून नाही, मागची बाजूही बंद, वरून सनमायका. आत ३६ वॅटच्या चार ट्यूबलाइट आणि त्यांचे चार चोक एका ओळीत स्क्रूने बसवलेले. दुसऱ्याच उन्हाळ्यात एका दुपारी घरभर करपट वास सुटला. चोक जळला होता, त्याच्या आजूबाजूचा प्लाय काळा पडला होता आणि पाण्याचं तापमान ३३ अंश सेल्सिअसवर गेलं होतं. सुताराची चूक नव्हती. त्याने कपाट केलं, कारण मी त्याला कपाटच सांगितलं होतं. मला हवं होतं ते जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघरासारखं काहीतरी, ज्याच्या छताला धुराडं असतं.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो आणि विचारणाऱ्यालाही तोच सांगतो. झाकणाच्या आत फक्त उजेड देणारी वस्तू असावी. चोक, ड्रायव्हर, अडॅप्टर, सांधे, स्विच, टायमर हे सगळं बाहेर. पुढे जे काही लिहितो आहे ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

एका युनिटची उष्णता

उष्णतेचा हिशोब अवघड नाही, पण तो कोणी करत नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक म्हणजे ९ घनफूट, साधारण २५५ लिटर. खडी, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली तर पाणी २२० लिटर धरू. माझ्या त्या जुन्या झाकणात चार ट्यूब १४४ वॅटच्या आणि प्रत्येक चोक ८-१० वॅट खाणारा, म्हणजे एकूण १८० वॅटच्या आसपास. आठ तास दिवे लावले की जवळजवळ दीड युनिट वीज. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. उजेडसुद्धा पाण्यात, खडीत, झाडांत शोषला गेला की त्याची उष्णताच उरते. यातली निम्मी पाण्यात उतरली असं धरलं, तरी २२० लिटर पाणी पावणेतीन अंशांनी तापतं. खोलीच ३१ अंशांवर असेल तर पाण्याला ३३ गाठायला दुसरं काही कारण लागत नाही.

आता त्याच टँकवर ६० वॅटची एलईडी लावली तर आठ तासांत अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागते आणि तोच हिशोब एका अंशाच्या आत येतो. म्हणून एलईडीकडे वळणं बरोबर आहे. मात्र ‘एलईडी तापत नाही’ हा समज काढून टाका. चांगल्या पांढऱ्या एलईडीतसुद्धा निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. फरक इतकाच, की ट्यूब ती उष्णता चहूकडे फेकते आणि एलईडी ती पाठीतून सोडते. पाठ मोकळी असेल, तिला ॲल्युमिनियमचा आधार असेल, तर एलईडी वर्षानुवर्षं चालते. पाठ प्लायला चिकटवलेली असेल तर तिचा उजेड दोन उन्हाळ्यांत पिवळट आणि मंद होतो, आणि आपण दुकानदाराला दोष देतो.

सुट्या एलईडी स्ट्रिपवाल्यांसाठी एक स्वस्त युक्ती आहे. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे ॲल्युमिनियमचे उरलेले तुकडे असतात. दीड-दोन इंची चौकोनी पाइप किंवा जाड पट्टी घ्या, स्पिरिटने पुसा, त्यावर स्ट्रिप दाबून बसवा आणि ती पट्टी झाकणाच्या छतापासून निदान एक इंच खाली टांगा. त्या एका इंचातून हवा फिरते. तासभर दिवे चालल्यावर मेन बंद करा, प्लग काढा आणि लगेच ॲल्युमिनियमला बोट लावा. पाच-सहा सेकंद बोट टेकवून ठेवता आलं तर ठीक. चटका बसून हात मागे आला तर पट्टी अपुरी आहे किंवा हवा फिरत नाही. प्लग न काढता बोट लावू नका, हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतो.

उष्णता कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय मात्र कोणालाच आवडत नाही. दिवे कमी लावा. टँकमध्ये जिवंत झाडं नसतील, नुसते मासे असतील, तर चार फुटाला २०-२५ वॅटची एलईडी पुष्कळ होते. गोल्डफिशला भगभगीत दिवा नको असतो, आपल्याला दिवाणखान्यात शोभा हवी असते. आणि उन्हाळ्यात वेळही बदला. दुपारी खोली सर्वांत तापलेली असताना दिवा जळण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा ठेवा. घरातली माणसंही तेव्हाच टँकसमोर बसतात.

नागपूरचा कूलर, मुंबईची वाफ

तापमानाचं इतकं कशाला, असं वाटेल. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २५ अंशांना एका लिटरमध्ये ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास राहू शकतो, ३० अंशांना साडेसात. आकडा फार घसरलेला दिसत नाही, पण त्याच वेळी माशांची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात, खडीतले जिवाणूही जास्त प्राणवायू ओढतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात ते यामुळे. डिस्कस ३० अंशांपर्यंत मजेत राहतो, बहुतेक उष्णकटिबंधीय मासे २४ ते २८ मध्ये. बिचारा गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा जीव, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त तोच पाळला जातो.

टँकला थंडावा देणारी सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे बाष्पीभवन. माठाचं तत्त्व. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. आपल्या २२० लिटरच्या टँकमधून दिवसाला एक लिटर उडालं आणि सगळी उष्णता पाण्यातूनच गेली, तर कागदावर अडीच अंशांचा फरक पडतो. सुताराने केलेलं घट्ट झाकण हेच बंद करून टाकतं. आतली हवा ओली चिंब झाली की पाणी उडायचं थांबतं आणि टँक प्रेशर कुकर होतो.

पण इथे तुम्ही कुठे राहता यावर बरंच अवलंबून आहे. नागपुरात, अकोल्यात मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून तिथे घरोघरी कूलर चालतो. त्याच कारणाने तिथे पाण्यावर साधा पंखा मारला तर पाणी खोलीपेक्षा कितीतरी थंड ठेवता येतं. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत कूलर का चालत नाही हे ज्याला माहीत आहे त्याने टँकच्या पंख्याकडूनही चमत्काराची अपेक्षा करू नये. तिथे एक-दीड अंश उतरला तरी खूप. कोकणपट्टीत पंख्याचं मुख्य काम झाकणातली उष्ण दमट हवा बाहेर काढणं हेच, आणि म्हणून तिथे दिव्यांचे वॅट कमी करण्याला पर्याय नाही. पुणे-नाशिक मधलं. एप्रिलात पंखा छान काम करतो, जूनच्या पहिल्या सरीनंतर त्याची धार जाते.

पंखा म्हणजे कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत कुठेही मिळतो. किती वारा लागेल याचं गणित असं: झाकणातली हवा खोलीपेक्षा पाच अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर १०० वॅटमागे ताशी ६० घनमीटर वारा हवा. हे पंख्याच्या खोक्यावर ज्याला सीएफएम म्हणतात त्या मापात ३५ होतात. १२० मिलिमीटरचा एक साधा पंखा कागदावर याहून जास्त देतो, पण जाळी आणि अरुंद फटी यांनी तो निम्म्यावर येतो. ६० वॅटच्या एलईडीला तरीही एक पुरतो. नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवलात तर आवाज जवळजवळ जातो.

पंखा हवा आत ढकलणारा असावा की बाहेर खेचणारा, यावर मासे पाळणाऱ्यांत कायमचे वाद आहेत. माझं मत आत ढकलणारा. बाहेर खेचणाऱ्या पंख्यातून दिवसभर ओली वाफ जाते आणि वर्षभरात त्याचं बेअरिंग कुरकुरायला लागतं. खाऱ्या पाण्याच्या टँकवर तर सहा महिन्यांतच. आत ढकलणाऱ्याला खोलीची कोरडी हवा मिळते. तो एका बाजूला बसवा, वारा पाण्यावरून तिरका जाऊ द्या आणि विरुद्ध टोकाला, मागच्या बाजूला अगदी वर, हवेला बाहेर पडायची वाट द्या. ही वाट पंख्याच्या तोंडाएवढी तरी मोठी हवी. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड ११३ चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे मागे दोन सेंटिमीटर उंचीची आणि साठ सेंटिमीटर लांबीची फट. सुताराला ही फट आधीच सांगा. झाकण झाल्यावर होल सॉने पाडलेली चार भोकं म्हणजे मनाचं समाधान.

फटीला मच्छरदाणीची जाळी लावा. मासे उडी मारतात म्हणून तर आहेच, पण दुसरं कारण पाल. झाकण उबदार, दिव्यापाशी किडे येणारे, पाणी हाताशी. पालीला याहून चांगलं बिऱ्हाड मिळणार नाही. होल्डरच्या दोन टोकांमध्ये चिकटून मेलेली पाल मी एकदा काढली आहे. फ्यूज का उडतो ते दोन दिवस कळत नव्हतं. जाळी महिन्यातून एकदा धुवा, नाहीतर ती धुळीने बंद होते आणि पंखा नुसता गरगरतो.

झाकण आणि पाणी यांच्यामध्ये काच ठेवावी का? दिव्याच्या वायरिंगला काच वाचवते आणि पाण्याची उष्णता कोंडते. दोन्ही खरं आहे, म्हणून माझं उत्तर दिव्यावर ठरतं. आतपर्यंत २३० व्होल्ट येत असतील, म्हणजे ट्यूबलाइट किंवा घरगुती बॅटन असेल, तर काच कायम हवी, मग पाणी अंशभर तापलं तरी चालेल. दिवा १२ किंवा २४ व्होल्टचा असेल आणि आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे पाण्यात पडला तरी काही काळ तग धरणारा असेल, तर उन्हाळाभर काच काढून नायलॉनची जाळी ठेवा. काच ठेवणाऱ्यांनी ती दर आठवड्याला पुसायची. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या काचेवर पांढरा थर महिन्यात जमतो आणि उजेड खातो. लिंबाच्या फोडीने तो निघतो. काच मात्र बाहेर काढून धुवा.

वायर

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे झाकणात हमखास दिसणारी वस्तू म्हणजे चार फुटी २० वॅटची एलईडी बॅटन. स्वस्त, भरपूर उजेड, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. ती कोरड्या भिंतीसाठी बनवलेली आहे. तिच्या पोटात ड्रायव्हर असतो आणि स्वस्त ड्रायव्हरमध्ये बऱ्याचदा मेन सप्लाय आणि एलईडी यांच्यात विलगीकरण नसतं. म्हणजे जी एलईडीची पट्टी ‘कमी व्होल्टची’ वाटते, तिलासुद्धा फेज लागलेला असू शकतो. दोन्ही टोकांच्या टोप्यांतून वाफ आत जाते. वापरायचीच असेल तर काचेच्या वर आणि पुढे सांगणार आहे तो आरसीसीबी असल्याशिवाय नाही.

जुन्या ट्यूबच्या होल्डरमध्ये एलईडी ट्यूब बसवणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. काही एलईडी ट्यूबना एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल द्यायचा असतो, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. दुसऱ्या प्रकारात सप्लाय चालू असताना ट्यूबचं एक टोक होल्डरमध्ये गेलं, की हातात असलेल्या टोकाच्या पिना जिवंत होऊ शकतात. ओल्या हाताने, स्टुलावर उभं राहून, पाण्यावर वाकून ट्यूब बदलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेले सापडतात.

मला विचाराल तर झाकणात २३० व्होल्ट आणूच नका. २४ व्होल्टची सीलबंद एलईडी घ्या, ड्रायव्हर टँकच्या स्टँडमध्ये किंवा भिंतीवर, पाण्याच्या पातळीपासून बाजूला, हवेशीर ठेवा. याने दोन कामं होतात. शॉकचा धोका झाकणाबाहेर जातो आणि ड्रायव्हरचं आयुष्य वाढतं. त्याच्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. ५५ अंशांच्या झाकणात कोंबलेला ड्रायव्हर आणि ३५ अंशांच्या स्टँडमध्ये ठेवलेला ड्रायव्हर यांच्यात चौपटीचा फरक पडतो. ड्रायव्हर क्षमतेच्या ८० टक्क्यांवर चालेल असा निवडा. ६० वॅटच्या दिव्याला ७५ किंवा १०० वॅटचा.

कमी व्होल्टेजला शॉक लागत नाही म्हणून लोक तिथे हेडफोनसारखी बारीक वायर वापरतात. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. मेनवर तेवढ्याच दिव्याला पाव अँपिअरच्या आसपास लागतात. बारीक वायर तापते, इन्सुलेशन मऊ पडतं, व्होल्टेज उतरतं आणि स्ट्रिपचं लांबचं टोक मंद दिसतं. १२ व्होल्ट हात भाजत नाहीत, पण वायर जाळू शकतात. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक वायर घ्या, चार फुटांहून लांब स्ट्रिपला दोन्ही टोकांनी सप्लाय द्या आणि ड्रायव्हरनंतर योग्य अँपिअरचा फ्यूज घाला. २४ व्होल्ट घेतलेत तर करंट निम्मा होतो, हा त्याचा मोठा फायदा.

सांध्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. दोन वायरींची टोकं पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं ही आपली राष्ट्रीय सवय आहे. कोरड्या ठिकाणीही ती वाईटच, झाकणात तर ती एक उन्हाळा टिकत नाही. झाकणात सांधा ठेवायचाच नाही. दिव्यापासून निघालेली वायर अखंड बाहेर यावी, झाकणाच्या भोकात तिला रबरी ग्रोमेट किंवा केबल ग्लँड असावं, आणि जोड बाहेर, एका बंद डब्यातल्या कनेक्टरमध्ये व्हावा. नाइलाजाने आत जोड द्यावाच लागला तर सोल्डर करून आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही. आणि स्क्रूच्या कनेक्टरमध्ये जाणाऱ्या टोकांना सोल्डर लावू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू दबतं, स्क्रू सैल होतो, सैल जोड तापतो. तिथे फेरूल, म्हणजे टोकावर चढवायची छोटी धातूची नळी, दाबून बसवा. वायरमनकडे नसतील तर मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पाकीटभर मिळतात.

उघड्या तांब्यावर वाफ बसली की हिरवा गंज येतो आणि तो थेंबाबरोबर टँकमध्ये पडतो. माशांना थोडं तांबं चालून जातं. श्रिंप आणि गोगलगायींना नाही. श्रिंप एकेक करून मरताहेत आणि पाण्याच्या सगळ्या टेस्ट बरोबर येताहेत, असं असेल तर मान वर करून झाकणात पाहा.

वायरला झोळ द्या. टँकवरून बोर्डाकडे जाणारी प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर प्लगपर्यंत गेली पाहिजे. पाण्याचा थेंब वायरीवरून घरंगळत येतो आणि झोळाच्या तळाला जमिनीवर गळतो. झोळ नसेल तर तो थेट सॉकेटमध्ये जातो. एक पैसा खर्च नाही, तरी दहांतल्या सात घरी मला वायरी ताणून, ‘नीटनेटक्या’ बांधलेल्या दिसतात. नीटनेटकेपणाचा एवढा तोटा दुसरीकडे कुठे होत नसेल. बोर्डही स्टँडच्या तळाशी आडवा ठेवू नका, बाजूच्या भिंतीवर उभा बसवा.

फिल्टर २५, हीटर २००, दिवा ६०, एअर पंप ५. सगळं मिळून ३०० वॅटही होत नाहीत, सव्वा अँपिअर. म्हणजे फिश टँकचा एक्स्टेंशन बोर्ड जळतो तो लोडने जळत नाही, लूजने जळतो. सगळ्या देशांचे प्लग बसतील अशी जी बहुरूपी सॉकेट असतात, त्यांच्या पत्र्याची पकड सैल असते, आणि ओलसर हवेत त्यावर काजळी धरते. आयएसआय मार्कचा, तीन पिनांचा, घट्ट पकडीचा बोर्ड घ्या. प्लग काढताना तो सहज निघून आला तर बोर्ड बदलायची वेळ झाली.

आणि आता आरसीसीबी. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. माणसाचा जीव घ्यायला काही दशांश अँपिअरसुद्धा लागत नाहीत, आणि सहा अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच पाहत बसतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या अंशात सप्लाय तोडतो. आपल्या घरांत मीटरजवळ बऱ्याचदा १०० मिलिअँपिअरचा बसवलेला असतो. तो गळतीतून लागणाऱ्या आगीसाठी ठीक, अंगाला बसणाऱ्या शॉकसाठी अपुरा. त्याच्यावरचा आकडा वाचा. ३० नसेल तर टँकच्या सॉकेटपुरता ३० मिलिअँपिअरचा वेगळा बसवून घ्या. परवानाधारक वायरमनकडूनच, आणि त्याच वेळी त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. बटण दाबूनही पडला नाही तर तो असून नसल्यासारखा.

पाण्यात टेस्टर बुडवल्यावर तो लुकलुकतो म्हणून घाबरून फोन करणारे बरेच असतात. टेस्टरच्या निऑनला पेटायला नाममात्र करंट पुरतो, आणि पंपाच्या किंवा ट्यूबच्या सान्निध्याने पाण्यावर तेवढा प्रेरित दाब येऊ शकतो. म्हणून लुकलुक दिसली म्हणजे गळती आहेच असं नाही. पण नसेलच असंही नाही. एकेक उपकरणाचा प्लग काढत जा. ज्याचा प्लग काढल्यावर टेस्टर विझला त्याच्यावर संशय. पाण्यात हात घातल्यावर बोटावरच्या कापलेल्या जागी झिणझिण्या येत असतील तर मात्र शोध घेत बसू नका. हात काढा, मेन बंद करा आणि हीटर आधी तपासा. दिवा निर्दोष आणि तडकलेला हीटर गुन्हेगार, हा अनुभव अनेकदा येतो.

जुन्या झाकणाचं काय?

नवीन करायचं नसेल तर एका रविवारी एवढं होतं. चोक आणि जुने होल्डर काढून टाका. मागची पाटी पूर्ण काढा, भिंतीकडची बाजू कोणी पाहत नाही. आतल्या प्लायला दोन हात पांढरा एनॅमल किंवा इपॉक्सी रंग मारा. ओल अडते आणि उजेड परततो. रंग आठवडाभर वाळू द्या, वास असताना झाकण टँकवर ठेवू नका. नवीन करायचंच असेल तर एमडीएफ अजिबात नको, ते बिस्किटासारखं फुगतं. आयएस ७१० चा मरीन प्लाय किंवा पीव्हीसी फोम बोर्ड घ्या. फोम बोर्ड पाण्याला दाद देत नाही, पण उष्णतेने वाकतो, त्यामुळे तापणारी पट्टी त्याला टेकू देऊ नका. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे.

सगळं जमल्यावर दोन थर्मामीटर ठेवा, एक पाण्यात आणि एक झाकणात, आणि तीन दिवस दुपारी तीनला, दिवे लावताना आणि दिवे बंद करताना आकडे लिहा. दिवे लागल्यापासून बंद होईपर्यंत पाणी दीड अंशाहून जास्त चढत असेल तर एकतर वॅट जास्त आहेत किंवा फट लहान आहे. पंखा दिव्याच्या टायमरवर लावू नका, स्वतंत्र ठेवा. दिवे विझल्यावर झाकण निवतं आणि तेव्हाच वाफेचे थेंब वायरीवर बसतात, म्हणून पंखा त्यानंतर अर्धा तास तरी चालला पाहिजे. मुंबईकरांनी तो चोवीस तास चालू ठेवावा, दोन-तीन वॅटचाच प्रश्न आहे.

एखाद्या दुपारी पाणी ३२-३३ वर गेलंच, तर बर्फ टाकू नका. बाटलीत पाणी गोठवून ती बाटली तरंगती सोडा, एअर पंप चालू करा, दिवे दिवसभर बंद ठेवा, त्या दिवशी खाणं देऊ नका. तासाला एखादा अंश उतरला तर पुरे. घाईने उतरवलेलं तापमान माशाला उन्हाळ्याइतकंच महागात पडतं.

गणपतीत टँकच्या बोर्डावर माळा लावायचा मोह होतो, कारण सजावट नेहमी टँकच्याच बाजूला असते. माळांसाठी दुसरा बोर्ड आणा. आणि सुट्टीत गावी जाताना शेजारच्या काकूंना किल्ली देता, तेव्हा प्रत्येक प्लगवर पांढरी चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहून ठेवा. ‘दिवा’, ‘पंखा’, ‘हीटर – हात लावू नका’, ‘फिल्टर – कधीच बंद करू नका’. आरसीसीबीजवळ एक चिठ्ठी वेगळी: ‘हा खटका पडलेला दिसला तर वर करू नका, आधी मला फोन करा.’